महादेवचा पंप

मोनालीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उद्यावर आलं होतं आणि ताकसांड्यांच्या आंगणात साक्षगंधाचं कोणी बोलत नव्हतं. बुंदी घरी पाडायची की सिंदीहून आणायची, नवरदेवाकडची माणसं किती, मांडवाचं कापड पिवळं बरं की निळं, असल्या विषयांवर बायकांनी तोंडं दुखेस्तोवर बोलायचं, तर तिथे सकाळपासून एकच रड चालली होती, शेतातल्या लाईनीची. लाईन यायची, श्वास घ्यायची आणि जायची. गावातली बत्ती वेगळ्या तारेवर होती, तिला काही झालं नव्हतं. मिक्सर फिरत होता, पंखे फिरत होते. पण मोईखेड्याच्या शिवारातले पंप ज्या तारेवर होते, तिचं डोकंच फिरलं होतं. चन्याला घाटे धरायची वेळ आणि जमिनीला भेगा पडायला लागलेल्या.

कमलाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. नवरा महादेव गेल्यापासून घरात तिचा शब्द मोठा होता असं सगळे म्हणत, पण तो शब्द विचारायला कोणी फारसं येत नसे. कारभार धाकट्या दिराच्या, मोनालीच्या बापाच्या, चिंधूच्या हातात होता आणि कमलाबाईची त्याबद्दल तक्रारही नव्हती. तिचं राज्य वेगळं होतं. विहारातला माइक तिच्याकडे होता. सकाळी भोंग्यावरून वंदना म्हणणारा तो खर्जातला, थोडा ठसकणारा आवाज तिचा, आणि त्या आवाजावर मोईखेड्यातल्या कितीतरी चुली पेटत. नेमक्या त्या सकाळी मात्र तिला आपल्या आवाजापेक्षा आपल्या पोरीच्या आवाजाची काळजी लागली होती.

रोशनी वर्ध्याला वीज खात्यात इंजिनिअर होती. सबस्टेशनमधले रिले तपासायचं काम तिचं. रिले म्हणजे ती पेटी, जी तारेतून किती करंट चालला यावर रात्रंदिवस डोळा ठेवते आणि प्रमाणाबाहेर गेला की लाईन तोडून मोकळी होते. सिंदी रोडवरच्या सबस्टेशनातली पेटी रोशनीच्या हाताखालून गेली होती, म्हणून सारं गाव तिला 'रोशनीचं रिले' म्हणे. लाईन टिकली तर कोणाला तिची आठवण नसे. लाईन उडाली की मात्र पोरीचं नाव गावभर.

"रोशनी," चिंधू आंगणाच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "लाईन आली का तुयं रिले तिले मारते. दोन दिवस बंद ठेव ना त्याले."

"बंद नाई ठेवता येत, काका."

"काऊन नाई येत? तूच तं लावलं."

"लावलं म्हनूनच नाई येत."

चिंधूने हसून भोवती पाहिलं. हसण्यात राग होता. खुर्चीवर चहा घेत बसलेला अश्विन, रोशनीचा थोरला भाऊ, नागपूरच्या बँकेतून रजा काढून आला होता. भांडणं लवकर मिटावीत एवढीच त्याची जन्मभराची इच्छा, आणि त्यासाठी तो नेहमी ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने जाई.

"बंद नको करू," अश्विन म्हणाला, "पन थोडं सैल करून दे ना. दोन दिवसांचा तं प्रश्न हाये. उद्या पाव्हने येतीन, त्याईच्या देखत काका डोक्याले हात लावून बसतीन, ते चांगलं दिसन का?"

"दादा, तुया बँकेची तिजोरी दोन दिवस सैल ठेवतं का?"

"हे पाहा, आता बँक कुठून आली मंधात?"

कांता, चिंधूची बायको, परात घेऊन बाहेर आली आणि जाता जाता आपली भर घालून गेली. "पायजे तवा जात नाई, नको तवा जाते. आमच्या अंकितच्या येळी कशी देवासारखी गेलती." बुद्धाच्या घरात देव कुठला हे तिचं तिलाच आठवलं असावं, कारण ती जीभ चावून आत गेली. पण सांगितलेली गोष्ट खरी होती. दोन पावसाळ्यांमागे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वरची तार तुटली आणि अंकितच्या अगदी पुढ्यात चिखलात पडली, आणि पडता पडताच लाईट गेली. पोरगा अंगावरचा चिखल झटकत घरी आला. तेव्हापासून कांता दरवर्षी त्या दिवशी विहारात खीर वाटायची आणि नशीब बलवत्तर म्हणून डोळे पुसायची.

कमलाबाईने पाहिलं, रोशनीने तोंड उघडलं होतं आणि पुन्हा मिटलं. पोरीच्या मनात काहीतरी होतं. लहानपणी ताटातली भाजी आवडली नाही की ती अशीच तोंड मिटून बसायची. पण आंगणात एवढी माणसं असताना कमलाबाईने विचारलं नाही.

"मंग लाईन टिकत काऊन नाई, ते तरी सांग आमाले," ती म्हणाली. "सोप्या भाषेत सांगजो. मी सातवी शिकली."

रोशनी आईजवळ ओट्यावर टेकली. "आई, लाईन गेली का लोकं काय करते? घरी येते. पंपाचं बटन दाबायले पुन्हा कोन जाईन, म्हनून सगळ्याईनं स्टार्टरले ऑटो लावून ठेवले. लाईन आली का पंप आपोआप चालू. एकाचा नाई, साऱ्या शिवाराचे पंप एकाच दमात. आनि मोटार सुरू होताना फिरत्या मोटारीपेक्षा पाच-सहा पट करंट ओढते."

"म्हंजे पंगतीत सगळ्याईनं एकदमच वरनाले हात केला तं?"

"हाव. आनि वाढनारा एकच."

"सांडनारच मंग," कमलाबाई म्हणाली.

"रिले सांडू देत नाई, म्हनून पंगतच उठवते. त्याले बंद केलं तं खांबावरची डीपी जळन. मांगच्या महिन्यात जळली तं नवी आनता आनता काकाच्या चपला झिजल्या. आता जळली तं हंगामात दुसरी भेटत नाई. चना गेलाच समजा. आनि आपलं रिले गप बसलं का त्याच्या वरचं, मोठ्या लाईनीचं रिले उडते. मंग नुसतं मोईखेडं नाई, सिंदीचा दवाखानाबी अंधारात."

"सिंदीच्या दवाखान्याची जिम्मेदारी माया चन्यावर हाये का?" चिंधू म्हणाला.

"थोडीशी हाये, काका."

पुतणीने एवढ्या माणसांत काकाला असं सरळ सांगावं, हे ताकसांड्यांच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. अंकित मांडवाची बल्ली बांधत होता, त्याचा दोर हातातच राहिला. कमलाबाईला एकीकडे भीती वाटली आणि दुसरीकडे, खरं सांगायचं तर, ऊर भरून आला.

"मंग इलाज सांग," ती म्हणाली.

"ऑटो काढायचे. सगळ्याईनं. लाईन आली का एकानंतर एक हातानं पंप चालू करायचे. मंग हीच तार, हीच डीपी, सगळ्याईले पुरते."

"अन नंबर कोन पुकारन?" चिंधूने विचारलं. "एवढ्या शिवारात कोनाचा आवाज पुरन?"

प्रश्न टोमण्यासाठी होता. पण कमलाबाईने सुरी खाली ठेवली. "मायाच पुरते की," ती म्हणाली. "रोज सकाळी पुरते."

*

बातमी गावात पसरायला चहा उकळण्याएवढाच वेळ लागला. वासुदेवराव झाडे पाचसहा शेतकऱ्यांना घेऊन आले. नाल्याकाठची काळी, कसदार जमीन झाड्यांची आणि त्यांच्या भाऊबंदांची. टेकडीकडची मुरमाड जमीन विहाराच्या बाजूच्या लोकांची, ताकसांड्यांसकट. तार एकच होती आणि आजवर या दोन बाजू तारेशिवाय फारशा कशाने जोडलेल्या नव्हत्या.

"कमलाबाई, तुमी पुकाराल ते कबूल," वासुदेवराव बसता बसता म्हणाले. "पन पयले कोन?"

"टेकडीवाले," रोशनीने सांगितलं. "ते तारेच्या शेवटाले हायेत, तिथं जोर कमी पडते. मंग पांदनीचे. मंग नाल्याचे."

वासुदेवरावांनी पानाची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "म्हंजे तुमचे लोकं पयले."

"तारेचं गनित हाये, वासुदेवराव. जातीचं नाई."

"मी कुठं जात काढली? मी नंबर इचारला."

तो नुसता नंबर नव्हता, आणि आंगणातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं. कमलाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा सासू तिला सांगे, गावच्या विहिरीवर घागर घेऊन कसं उन्हात बसावं लागे, कोणाला दया आली तर वरून ओतणार, नाहीतर बसून राहायचं. पुढे त्या पिढीने दीक्षा घेतली आणि टेकडीच्या पायथ्याशी स्वतःची विहीर खोदली. त्याच विहिरीवर महादेवने तरुणपणी पहिला विजेचा पंप बसवला. मीटर अजून त्याच्या नावावर होतं आणि सारं गाव त्याला महादेवचा पंप म्हणत होतं. चिंधू तिथे जाताना आजही चपला काढत असे.

"असं करा," कमलाबाई म्हणाली. "टेकडीवाले पयले, जसं पोरगी म्हन्ते तसं. पन आमच्या घरचा पंप साऱ्या शिवारात शेवटी. मंग तं कोनी म्हननार नाई, का माइकवालीनं आपलं भागवून घेतलं?"

वासुदेवरावांनी मान डोलावली. बाकीच्यांनीही. फक्त चिंधूचा चेहरा काळवंडला. माणसं उठून गेल्यावर तो ओट्यापाशी आला आणि हलक्या आवाजात बोलला, आणि चिंधूचा हलका आवाज रागापेक्षा वाईट.

"वहिनी, दादाच्या पंपाले शेवटी उभं केलं तुमी. आपन शेवटी उभं राह्याचे दिवस गेलते ना?"

"भाऊजी, तवा दुसऱ्याईनं उभं ठेवलं होतं. आज आपन आपल्या मनानं उभे हाओ. त्याच्यात फरक नाई का?"

"पान्याले फरक समजत नाई," तो म्हणाला आणि निघून गेला. कमलाबाईला वाटलं, आपण बरोबर बोललो. पण तो तसाच गेला याचं तिला वाईटच वाटत राहिलं.

*

दुपारी ऊन कललं तेव्हा रोशनी आपल्या साहेबांना फोन करून, रीतसर परवानगी घेऊन सबस्टेशनात पोचली होती. कमलाबाई विहारात माइकपुढे बसली होती, फोन मांडीवर. मोनाली उद्याच्या मेंदीचे हात वर धरून उंबऱ्यावर उभी. शिवारभर माणसं आपापल्या स्टार्टरपाशी जाऊन थांबली होती. ऑटो काढायला सगळ्यांनी हो म्हटलं होतं, आणि मोईखेड्यात माणूस तोंडावर कधी नाही म्हणत नाही.

"आई, लाईन सोडून राह्यले," फोनवर रोशनी. "अजून कोनाचंच नाव घेऊ नको. करंटची सुई थांबली का सांगतो."

"ऐका हो," भोंग्यावरून कमलाबाईचा आवाज टेकडीला थडकून परत आला. "लाईन येऊन राह्यली. कोनी बटन दाबू नका. मी नाव घेईन तवाच दाबजा."

लाईन आली. विहाराच्या मागच्या दारातून महादेवची विहीर सरळ दिसे, आणि कमलाबाईने कोणाचंही नाव घेण्याच्या आधीच तिथल्या पाइपातून पाण्याचा लोट सणकन टाक्यात पडला. पांदणीकडून मोटारींची घरघर उठली. नाल्याकडून उठली. मग सगळंच एकदम बंद पडलं. पाइपातून दोनचार थेंब गळले.

"उडाली, आई," रोशनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच कमलाबाईला जास्त लागलं.

वासुदेवराव नाल्याकडून धापा टाकत आले. मागोमाग आणखी माणसं, घरून कांता आणि अंकितही. "कोनं केला चालू? नाव न घेता कोनं केला?" कोणाला उत्तर द्यायची गरज नव्हती. पाइप सगळ्यांच्या डोळ्यांपुढे गळत होता. चिंधू विहिरीवरून सावकाश चालत आला, अनवाणी.

"हाव, माया ऑटो होता," तो म्हणाला. "मी म्हटलं, एकट्याच्यानं काय होते."

वासुदेवरावांनी बोलायला हात वर केला, आणि तो हात तसाच खाली आला. ते आपल्या चपलांकडे पाहू लागले. कमलाबाईने चाळीस वर्षं माणसांचे चेहरे वंदनेच्या वेळी समोरून पाहिले होते. कोण डोळे मिटून झोपतो आणि कोण खरंच वंदना म्हणतो, हे तिला कळे.

"वासुदेवराव," ती म्हणाली, "तुमचा?"

"माया बी होता," वासुदेवराव पुटपुटले. "पन मी म्हटलं, एकट्याचाच तं हाये."

मागे कोणीतरी खोकलं. दुसऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं. हळूहळू सगळ्यांनाच कळलं की शिवारात एकटा कोणीच नव्हता. मोनालीला हसू आवरेना, तिने मेंदीचे हात तोंडापुढे धरले आणि नाकाला मेंदी लागली. तिला पाहून बाकीचेही हसले. चिंधू मात्र हसला नाही.

एवढ्यात अश्विन रोशनीला मोटारसायकलवरून घेऊन आला. चिंधू तिच्याकडे वळला. "पाह्यलं? हे असंच होनार. इथं कोनी कोनाचं ऐकत नाई. तू ते रिले दोन दिवस बंद कर अन विषय संपव. जळली डीपी तं जळली, माया जोखमीवर."

अश्विनने सवयीप्रमाणे मान डोलवायला सुरुवात केली होती. पण अंकित पुढे आला. दिवसभर तो बल्ल्या बांधत होता, बोलला नव्हता. बापापुढे तो बोलतच नसे.

"ताई," तो रोशनीला म्हणाला, "एक खरं सांगजो. त्या दिवशी धुऱ्यावर तार पडली तवा लाईन कशानं गेलती?"

रोशनीचं तेच मिटलेलं तोंड.

"सांग वं," कमलाबाई म्हणाली.

"गेलती नाई," रोशनी म्हणाली. "तोडली होती. तार तुटून खालच्या तारेले लागली, करंट एकदम वाढला, ते रिलेनं पाह्यलं आनि ती जमिनीवर टेकाच्या आत लाईन तोडली. पुढच्या आठवड्यात मी तपासायले आलती तवा त्याच्यात तसं दिसलं, दिवस तोच, येळ तीच. हेच रिले, काका. तुमी बंद कर म्हन्ता ते."

टाक्यावर एक कावळा उतरला आणि उडून गेला.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?" कांताने विचारलं.

"काकू, तुमी खीर वाटत होत्या. मी म्हटलं, वाटू द्या. खीर चांगली होते तुमची."

कांताने पदर तोंडाला लावला. मग ती चिंधूपुढे जाऊन उभी राहिली. तीस वर्षांच्या संसारात कमलाबाईने तिला नवऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलताना पाहिलं नव्हतं. "आता कोनी त्या पेटीले हात लावायचं नाव घेतलं," ती म्हणाली, "तं मी उद्याच्या मांडवात बसनार नाई. पाव्हन्याईले तुमीच वाढजा."

चिंधूने अंकितकडे पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, जणू पोरगा आत्ताच धुऱ्यावरून चिखल झटकत आला होता. तो वळला आणि विहिरीकडे चालू लागला. अंकित मागे निघाला तसं कमलाबाईने त्याचा दंड धरला.

"जाऊ दे त्याले एकट्याले," ती म्हणाली.

थोड्या वेळाने चिंधू परत आला तेव्हा त्याच्या हातात ऑटोची ती काळी पेटी होती, तिच्या तारा लोंबत होत्या. त्याने ती विहाराच्या पायरीवर, कमलाबाईच्या पायांजवळ ठेवली. वासुदेवरावांनी ते पाहिलं, खाकरले, आणि आपल्या पुतण्याला म्हणाले, "जाय रे, आपला बी काढून आन. हातात घेऊन ये, नुसता काढला म्हनून सांगू नको." मग पांदणीवरून, नाल्यावरून माणसं येऊ लागली. कोणी पेटी पंच्यात गुंडाळून आणली, कोणी उघड्या हातात. विहारापुढे, उद्याच्या पाव्हण्यांसाठी धुऊन पसरलेल्या सतरंजीवर त्या पेट्यांचा ढीग होऊ लागला आणि कांता, जी एरवी सतरंजीवर कोणाला पाय ठेवू देत नसे, तिने सतरंजीचं दुमडलेलं टोक सरळ करून दिलं.

"चाल," अश्विन बहिणीला म्हणाला, आणि या वेळी तो कोणाच्याच मोठ्या आवाजाकडे पाहत नव्हता. "मी सोडतो तुले सबस्टेशनले. दवाखान्याची जिम्मेदारी हाये आपल्यावर."

"थोडीशी," रोशनी म्हणाली.

*

लाईन पुन्हा सोडली तेव्हा शिवारात इतकी शांतता होती की कमलाबाईला भोंग्याची स्वतःची गुणगुण ऐकू येत होती. पाइप कोरडे होते. एकही मोटार उठली नाही.

"टिकली, आई," फोनवर रोशनी. आवाजात हसू होतं. "आता घे नाव. एक घेतलं का मी हाव म्हनेपर्यंत थांबजो."

कमलाबाईजवळ कागद नव्हता आणि तिला लागतही नव्हता. लग्न होऊन आल्यापासून कापूस वेचायला, निंदायला, डोक्यावर शिदोरी घेऊन ती या शिवाराच्या प्रत्येक धुऱ्यावरून चालली होती. टेकडीचं पहिलं वावर गजेंद्र थुलचं. तिने नाव घेतलं. टेकडीवरून घरघर आली, आणि फोनवर "हाव". मग दुसरा. मग तिसरा. वंदना म्हणताना ती जशी एका ओळीनंतर श्वास घेई, तसाच श्वास घेत ती नावं घेत गेली. टेकडी संपली, पांदण लागली. वासुदेवरावांचं नाव आलं तेव्हा ते स्वतः स्टार्टरपाशी होते, कारण नाल्याकडून त्यांचा "हो जी" भोंग्याला उत्तर म्हणून गावापर्यंत ऐकू आला आणि विहारातल्या बायका हसल्या.

शिवार एकेक करून जागं होत होतं. मघा एकदम उठून एकदम मेलेला आवाज आता हळूहळू चढत गेला, पसरला आणि टिकून राहिला. कमलाबाईला मनातून वाटलं, आपल्या पोरीने हे केलं. हे ती उद्या साऱ्या पाव्हण्यांना सांगणार होती, त्यांनी विचारलं नाही तरी.

"आई, सुई जागेवर हाये. एकच राह्यला आता," रोशनी म्हणाली. "आपला."

कमलाबाईने माइक तोंडाजवळ नेला आणि थांबली. सगळी नावं तिने घेतली होती. हे एक नाव तिने लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. तिच्या पिढीतल्या बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. उखाण्यात घ्यायचं ते एकदा लग्नात, तेही लाजून तोंडातल्या तोंडात, आणि तो मेल्यावर तर नाहीच. शाळेच्या कागदांवर पोरांच्या बापाचं नाव विचारलं की ती अश्विनकडे बोट दाखवी. पंप चिंधू चालवत होता. चिंधूचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

मागच्या दारातून तिला चिंधू दिसत होता. विहिरीच्या कठड्याजवळ उभा, अनवाणी, हात बटनाजवळ, पण बटनाला लावलेला नाही. तो भोंग्याकडे पाहत होता. आजवर ज्याला शेवटी उभं राहायचं नव्हतं तो सगळ्यांच्या शेवटी उभा होता आणि आपल्या भावाच्या नावाची वाट पाहत होता.

"महादेव चिरकुट ताकसांडे," कमलाबाई म्हणाली.

नाव टेकडीला थडकून परत आलं. विहारातल्या बायकांपैकी कोणी हसलं नाही. कांताने तिच्या पाठीवर हात ठेवला. विहिरीवर चिंधूने डोक्यावरची टोपी काढली, मग बटन दाबलं, आणि पाइपाने आधी हवा सोडली, मग पाण्याचा जाड, सरळ लोट टाक्यात पडू लागला आणि पडतच राहिला.

"हाव, आई," फोनवर रोशनी म्हणाली.

कमलाबाई त्या पाण्याकडे पाहत बसली. डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती. "आलं जी पानी," ती हलकेच म्हणाली. "शेवटी उभे होते तुमी, पन आलं."

माइक बंद करायचा राहिला आहे हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा टेकडीपासून नाल्यापर्यंत साऱ्या शिवाराने ते ऐकलं होतं.